पावसाच्या पाण्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विज्ञान आणि लोकमत’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर तासभर बोलूनही वक्त्याने काहीच न सांगितल्यासारखे होऊ शकते. म्हणून मी त्यातला अगदी लहानसा तुकडा निवडला आहे. पावसाच्या पाण्यात किरणोत्सर्ग किती आहे, त्यातला निसर्गाचा किती आणि माणसाने घातलेला किती, हे कसे मोजतात. आणि त्या मोजण्याने जगाच्या राजकारणात काय घडवले, एवढेच मी सांगणार आहे. विषय रसायनशाळेतला वाटेल, परंतु शेवटी तो आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत येऊन पोचतो, हे आपल्या ध्यानात येईल.

आरंभी एक अनुभव सांगतो. मी देशावरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. आमच्याकडे एक जुना गायगर काउंटर होता. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. दोन विद्यार्थ्यांनी गच्चीच्या कठड्यावरचे पाणी टिपकागदाने पुसले आणि तो कागद काउंटरच्या नळीखाली धरला. टकटक एकदम वाढली. कोरड्या कागदाच्या मानाने ती तिपटीहून अधिक होती. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, वर्तमानपत्राला कळवायला हवे.” मी म्हटले, “कळवू. पण आधी बसा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा.” अर्ध्या तासात वाढ निम्म्यावर आली, तासाभरात चौथाईवर. तीन तासांनी तो कागद आणि कोरडा कागद यांत फरक उरला नाही. वर्तमानपत्राला कळवण्यासारखे काही राहिले नव्हते. परंतु त्या मुलांना जे कळले ते पाठ्यपुस्तकाच्या एका प्रकरणाहून मोठे होते.

या घटनेत नवे काहीच नव्हते. केंब्रिजच्या सी. टी. आर. विल्सन यांनी १९०२ साली हेच केले होते. बेकरेल यांनी किरणोत्सर्गाचा शोध लावून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. विल्सन यांनी नुकतेच पडलेले पावसाचे पाणी झटपट आटवले, आणि उरलेला साका किरणोत्सारी असल्याचे त्यांना आढळले. ती सक्रियता सुमारे अर्ध्या तासात निम्मी होत होती. तेच पाणी काही तास ठेवून मग आटवले तर त्यात काही सापडत नसे. अणुबाँब तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता, आणि तरीही पाऊस किरणोत्सारी होता.

याचे कारण आपल्या पायांखाली आहे. खडकांत आणि मातीत युरेनियम थोड्या प्रमाणात सर्वत्र असते. त्याच्या विघटनाच्या साखळीत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निर्माण होतो. तो मातीच्या फटींतून हवेत येतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नष्ट होण्यास लागणारा काळ, पावणेचार दिवसांच्या आसपास आहे. रेडॉनपासून शिसे व बिस्मथ यांचे अल्पायुषी किरणोत्सारी अणू बनतात. ते हवेतील धूलिकणांना चिकटतात आणि पाऊस आला की धुपून खाली येतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या टिपकागदावर आले होते ते हेच. समुद्राच्या पाण्यातून रेडॉन फारच थोडा बाहेर पडतो. म्हणून जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात तो भरपूर, आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्र ओलांडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यात तो अल्प असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राम या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या अखेरीस याच फरकाचा उपयोग मोसमी वारे कुठून येतात याचा माग काढण्यासाठी केला. एकाच गावी, एकाच यंत्राने मोजलेला वळीव आणि आषाढातला पाऊस यांचा आकडा एक येणार नाही, आणि तो न येणेच बरोबर आहे, हे त्यावरून कळते.

निसर्गाचा दुसरा वाटा आकाशातून येतो. विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन यांच्या अणुगर्भांवर आदळतात, आणि त्या फुटीतून बेरिलियम-७, ट्रिटियम, फॉस्फरस-३२, गंधक-३५ असे किरणोत्सारी अणू जन्मतात. हेही पावसाबरोबर उतरतात. या संशोधनात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो याचे मला वाईट वाटते. पन्नाशीच्या दशकात टाटा संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तेथील देवेंद्र लाल, गोएल, राम आणि त्यांचे सहकारी यांनी पावसाचे पाणी गोळा करून त्यातून विश्वकिरणांनी घडवलेले बेरिलियम वेगळे काढले. त्यांचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गोएल यांनी पावसाच्या पाण्यातील किरणोत्सारी गंधकही दाखवून दिले. या मंडळींचे एक ज्येष्ठ सहकारी होते बर्नार्ड पीटर्स. नाझी जर्मनीतील दाखाऊच्या छळछावणीतून सुटलेला हा माणूस अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला. आणि तेथे १९४९ साली ‘लाल’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेल्यावर त्याने मुंबईची वाट धरली. एका देशाने संशयाने दूर लोटलेला माणूस दुसऱ्या देशातल्या तरुणांबरोबर पावसाचे थेंब मोजत बसला, हे चित्र मला फार बोलके वाटते.

आता तिसरा वाटा, माणसाचा. युरेनियम किंवा प्लुटोनियम यांचे अणुगर्भ दुभंगले की त्यांतून स्ट्रॉन्शियम-९०, सीझियम-१३७, आयोडीन-१३१ असे पदार्थ बाहेर पडतात. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, तर स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ यांचे तीस वर्षांच्या जवळपास. मग एकाच बादलीतील पाण्यात हे तिन्ही वाटे मिसळलेले असताना ते वेगळे कसे ओळखायचे? कसोट्या तीन आहेत, आणि त्या कार्यकर्त्याने समजून घ्याव्यात इतक्या सोप्या आहेत.

पहिली कसोटी काळाची. थांबा आणि पुन्हा मोजा. अर्ध्या तासाने निम्मे झाले तर तो रेडॉनचा परिवार. त्रेपन्न दिवसांनी निम्मे झाले तर बेरिलियम-७. वर्ष उलटूनही आकडा जवळजवळ तसाच राहिला तर प्रश्न विचारण्याची वेळ आली. दुसरी कसोटी किरणांच्या ऊर्जेची. प्रत्येक किरणोत्सारी अणूच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. बेरिलियम-७ची ४७८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सीझियम-१३७ची ६६२. वर्णपटमापकावर ही टोके वेगवेगळी उमटतात, जशी प्रत्येकाची सही वेगळी असते. तिसरी कसोटी सोबतीची. कोणता अणू कोणाबरोबर आणि किती प्रमाणात आला आहे, यावरून तो बाँबमधून आला की भट्टीतून, ताजा आहे की जुना, हे सांगता येते.

यासाठी लागणारी सामग्रीही अद्भुत नाही. उघड्यावर ठेवलेले मोठे पसरट पात्र, महिनाभर पडलेले सगळे पाणी आणि धूळ सांभाळून गोळा करण्याची चिकाटी, ते आटवण्याची सोय, शिशाच्या विटांच्या आडोशात बसवलेले मापनयंत्र, आणि एक वही. यंत्र महाग असते, परंतु सर्वांत मोलाची असते ती वही. कारण ‘आज किती’ या प्रश्नाच्या उत्तराला ‘काल किती होते’ हे माहीत असल्याशिवाय अर्थ नसतो. जिच्याकडे शांत दिवसाची नोंद नाही, तिला वादळाच्या दिवसाचा आकडा वाचता येत नाही. आज मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे. बाकीचा इतिहास त्याचा दाखला म्हणून ऐकावा.

१९५३ सालच्या एप्रिलची २५ तारीख. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात ‘सायमन’ नावाचा ४३ किलोटनांचा अणुस्फोट करण्यात आला. त्याचा ढग उंचावरून पूर्वेकडे वाहत गेला, आणि सुमारे छत्तीस तासांनी, साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय शहरावर वादळी पाऊस झाला. सोमवारी सकाळी तेथील तंत्रसंस्थेत हर्बर्ट क्लार्क या प्राध्यापकांचे विद्यार्थी रसायनशाळेत आले, तेव्हा त्यांचे सगळे काउंटर नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी धडधडत होते. त्यांनी बाहेर जाऊन पन्हाळीतले पाणी, डबकी, गवत मोजले. ही सक्रियता अर्ध्या तासाने निम्मी होत नव्हती. क्लार्क यांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आला तो वर्षभराने, १९५४ च्या मे महिन्यात. ट्रॉयच्या रहिवाशांनी मात्र तोपर्यंत त्या पावसात भिजून घेतले होते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की ही घटना सरकारने शोधून काढली नाही. रोज काउंटरचा आकडा पाहण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांनी ती शोधून काढली.

पुढल्याच वर्षी, १ मार्च १९५४ रोजी, पॅसिफिकमधील बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनांचा उद्जन बाँब फोडला. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर प्रवाळाची पांढरी राख पडली. तिच्यावरील तेवीस खलाशी आजारी पडले. आणि नौकेचे रेडिओचालक कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. मेच्या मध्यापासून जपानच्या शहरांवर किरणोत्सारी पाऊस पडू लागल्याचे विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले. इकडे मार्चच्या अखेरीस अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुई स्ट्रॉस यांनी निवेदन केले होते. त्याचा आशय असा होता, की अमेरिकेत काही ठिकाणी नैसर्गिक पार्श्वभूमी-किरणोत्सर्गात किंचित वाढ झाली आहे, पण ती अपायकारक पातळीच्या कितीतरी खाली आहे. मित्रहो, या वाक्यरचनेकडे लक्ष द्या. बाँबमधून आलेला पदार्थ ‘नैसर्गिक पार्श्वभूमीतील किंचित वाढ’ होऊन गेला! त्याचा कर्ताच वाक्यातून नाहीसा झाला. तेव्हापासून आजतागायत ही रचना अनेक देशांतील अनेक खात्यांनी वापरली आहे.

त्या निवेदनाला जपानमध्ये जे उत्तर मिळाले ते दोन ठिकाणांहून मिळाले, आणि योगायोग असा की ती दोन्ही ठिकाणे तोक्योच्या एकाच वॉर्डात, सुगिनामीत होती. हवामान संशोधन संस्थेची भूरसायन प्रयोगशाळा तेथे होती. यासुओ मियाके आणि त्यांची सहकारी कात्सुको सारुहाशी यांनी तेथे पावसातील आणि समुद्राच्या पाण्यातील किरणोत्सर्गाच्या मोजणीचे काम उभे केले. आणि त्याच वॉर्डाच्या सार्वजनिक सभागृहात गृहिणींचा एक वाचनवर्ग चालत असे. मासे कोणी घेईना म्हणून हवालदिल झालेली मासेविक्रेत्यांची कुटुंबेही त्याच भागातली. १९५४ च्या मे महिन्यात या स्त्रियांनी उद्जन बाँबविरोधी निवेदनावर घरोघर सह्या गोळा करण्यास आरंभ केला. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली, तोवर देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या होत्या. प्रयोगशाळेने आकडा दिला आणि वाचनवर्गाने त्याला आवाज दिला. आकडा नसता तर सह्यांना ‘अडाणी बायकांची भीती’ म्हणून बाजूला सारणे सोपे गेले असते. आणि सह्या नसत्या तर आकडा कपाटात पडून राहिला असता.

सारुहाशी यांच्या आकड्यांवर अमेरिकेत शंका घेण्यात आली. जपानजवळच्या समुद्रात इतके सीझियम असणार नाही, मोजण्यातच चूक असावी, असे म्हटले गेले. त्यावर वाद घालीत न बसता त्या १९६२ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेल्या आणि अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पद्धतीशी आपली पद्धत प्रत्यक्ष ताडून पाहिली. त्यांची पद्धत अचूक ठरली आणि ते मान्य करण्यात आले. संशय घेणाऱ्याला शिवी न देता त्याच्याच टेबलावर मोजून दाखवणे, यासारखे उत्तर नाही.

भारतातही या काळात सर्वत्र स्वस्थता नव्हती. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या निदान स्थगित तरी कराव्यात असे आवाहन केले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या नेतृत्वाखाली अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यांविषयीचे पुस्तक १९५६ साली भारत सरकारने प्रसिद्ध केले. त्याला नेहरूंची प्रस्तावना होती. सरकारने स्वतः होऊन असा विषय जनतेपुढे मांडावा, ही गोष्ट तेव्हा दुर्मिळ होती आणि आजही आहे.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली. पावसातून गवतात, गवतातून गायीत, गायीतून दुधात आणि दुधातून बाळाच्या हाडांत, असा स्ट्रॉन्शियम-९०चा प्रवास होतो, कारण रासायनिक दृष्ट्या तो कॅल्शियमचा भाऊ आहे. बाळाचे शरीर दोघांत फारसा भेद करीत नाही. बारा वर्षांत तीन लाखांच्या आसपास दात जमले. चाचण्यांच्या ऐन काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कसा वाढत गेला, हे त्यांतून दिसले. याच काळात लायनस पॉलिंग यांनी चाचण्या थांबवण्याची मागणी करणारे, नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन जानेवारी १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला दिले.

तरीही १९६१-६२ मध्ये सोव्हिएट रशिया आणि अमेरिका या दोघांनी स्फोटांचा कहर केला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी रशियाने फोडलेला बाँब पन्नास मेगाटनांचा होता. आपल्यापैकी काही जण त्या काळी एका बाजूच्या बाँबला शांततेचा आणि दुसऱ्या बाजूच्या बाँबला युद्धाचा म्हणत असत. पावसाच्या पाण्याने असा भेद केला नाही. तोक्योतील पात्रात दोन्ही बाजूंचा सीझियम एकत्रच उतरला. १९६३ च्या जून महिन्यात तेथे दर चौरस मीटरमागे सुमारे ५५० बेक्वेरेल सीझियम-१३७ पडले. स्थितांबरात अडकून राहिलेली धूळ वसंतात खाली उतरते, म्हणून स्फोट थांबल्यानंतरच्या उन्हाळ्यात हे शिखर आले. ट्रिटियमचेही तेच झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६१ पासून जगभरच्या पावसाचे नमुने तपासण्याचे जाळे उभे केले. दिल्ली आणि मुंबई यांचाही पाऊस त्यात होता. उत्तर गोलार्धात १९६३ साली पावसातील ट्रिटियम नैसर्गिक पातळीच्या शेकडो पटींनी वाढलेले या जाळ्याने टिपले.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत वातावरणातील, पाण्याखालील व अवकाशातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. भारताने ८ ऑगस्टला त्यावर सही केली. फ्रान्सने १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत हवेत स्फोट चालू ठेवले. पण मोठा ओघ थांबला, आणि तोक्योच्या वहीतील आकडे वर्षावर्षाने उतरत गेले. महासत्तांनी केलेला करार पाळला जात आहे की नाही, हे पाऊसच सांगत होता. निःशस्त्रीकरणाच्या इतिहासात जनतेच्या दबावाने मिळालेला आणि कोणालाही तपासून पाहता येईल असा विजय म्हणून मी याकडे पाहतो.

परंतु वही मिटून ठेवण्याची वेळ आली नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. सोव्हिएट सरकार गप्प होते. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरून धोक्याची घंटा वाजली. रात्री पाऊस पडून गेला होता. प्रथम आपलीच भट्टी गळते आहे असे त्यांना वाटले. परंतु सापडलेल्या पदार्थांच्या सोबतीने आणि वाऱ्याच्या दिशेने खरी दिशा दाखवली. अकराशे किलोमीटरांवरच्या पावसाने मॉस्कोचे मौन मोडले.

मेच्या आरंभी तोच ढग ब्रिटनवर आला आणि कंब्रिया व वेल्सच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस झाला. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती तीन आठवड्यांची असेल असे सांगितले. बंदी सुमारे नऊ हजार सातशे शेतांवर लागू होती, आणि ती पूर्णपणे उठली २०१२ साली! तीन आठवड्यांचे गणित चिकणमातीच्या जमिनीवर बसवलेले होते. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. डोंगरावरच्या आम्ल, कुजट मातीत तो मोकळा राहतो आणि पुनःपुन्हा गवतात चढतो. धनगरांना आपली माती ठाऊक होती. त्यांना कोणी विचारले नाही. कंब्रियातील धनगरांना आणखी एक संशय होता. शेजारच्या विंडस्केल अणुकेंद्रात १९५७ साली मोठी आग लागली होती. मग हा सीझियम खरोखर चेर्नोबिलचाच कशावरून? येथे सोबतीची कसोटी कामी येते. सीझियम-१३४ हा भट्टीत तयार होतो, त्याचे अर्धायुष्य दोनच वर्षांचे असते. १९५७ चा असता तर तो १९८६ पर्यंत उरलाच नसता. तो १३७ च्या जोडीने जितका सापडेल तितका वाटा नवा, उरलेला जुना. तपासणीत दोन्ही निघाले. चेर्नोबिलपूर्वीच्या नोंदी अपुऱ्या असल्यामुळे जुना वाटा ‘कायमचाच’ समजला गेला होता. शांत दिवसाची वही म्हणजे काय, हे त्या धनगरांना पुरते कळले.

मियाके यांनी सुरू केलेल्या वहीचे पुढे काय झाले? संस्था १९८० साली त्सुकुबाला गेली. मासिक नोंद चालू राहिली. मे १९८६ मध्ये तीत सीझियमचा आकडा सुमारे १३० बेक्वेरेल लिहिला गेला. नंतर तो इतका उतरला की मोजणे जिकिरीचे झाले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, आणीबाणीच्या कामाला पैसा हवा म्हणून, या नोंदीचाच निधी थांबवल्याचे संस्थेला कळवण्यात आले. ज्या दिवसासाठी पन्नासांहून अधिक वर्षे पात्र उघड्यावर ठेवले, तो दिवस उजाडल्यावर पात्र उचलण्याचा आदेश! शास्त्रज्ञांनी ते उचलले नाही. उसनवारीने सामान मिळवून त्यांनी मोजणी चालू ठेवली. त्या मार्च महिन्याचा आकडा निघाला तो चौरस मीटरमागे सुमारे तेवीस हजार बेक्वेरेल. १९६३ च्या शिखराच्या चाळीस पटींहून अधिक.

मित्रहो, ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी दोन गैरसमज आपल्यात आहेत, ते सांगून मी शेवटाकडे वळतो. एक गैरसमज अधिकाऱ्यांचा: निसर्गात किरणोत्सर्ग आहेच, मग त्यात थोडी भर पडली तर बिघडले कोठे? उत्तर असे, की नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. घरात साठलेला रेडॉन फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. शिवाय निसर्गाला जाब विचारता येत नाही. भर घालणाऱ्याला विचारता येतो, कारण तो निर्णय कोणीतरी, कोणाच्या तरी फायद्यासाठी घेतलेला असतो. दुसरा गैरसमज आपला: काउंटर वाजला की कारस्थान झाले. पावसात काउंटर वाजणारच. तीन तास न थांबता जो कार्यकर्ता सभेत आकडा सांगतो, तो लोकांना घाबरवतो आणि उद्या खरा आकडा हाती आला तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. अर्धवट मोजणे हे न मोजण्याहून वाईट.

आता आपल्याकडे पाहू. तारापूरचे केंद्र १९६९ पासून चालू आहे. अणुऊर्जा खात्याने पन्नाशीच्या दशकापासून पावसातील किरणोत्सर्गाच्या मोजणीची व्यवस्था केली, आणि प्रत्येक अणुवीज केंद्राच्या जागी ते सुरू होण्याआधीच पर्यावरण-सर्वेक्षण प्रयोगशाळा उभारण्याची पद्धत ठेवली. याचे श्रेय त्या खात्याला दिलेच पाहिजे. शांत दिवसाची वही आपल्या देशात लिहिली गेलेली आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कोणाच्या कपाटात आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले, आणि त्या सावलीत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. वार्षिक अहवालात सरासरीचे आकडे येतात. पण सरासरीत एखाद्या महिन्याचा पाऊस बुडून जातो. तारापूरच्या परिसरातील मच्छीमारांच्या वस्तीत त्या महिन्याचा आकडा मराठीतून फलकावर लागलेला मी पाहिलेला नाही.

म्हणून माझ्या सूचना थोड्या आहेत. अणुवीज केंद्राच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी ठराव करून पावसाच्या मोजणीचे मासिक आकडे, नैसर्गिक आणि कृत्रिम वेगवेगळे दाखवून, मराठीतून मागावेत. जैतापूरसारख्या ठिकाणी, जेथे भट्टी अजून उभी राहिलेली नाही, तेथे आजचे आकडे आजच प्रसिद्ध व्हावेत. प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही त्यांची उद्या सारखीच गरज लागेल. आपल्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान विभागांनी पावसाचे नमुने जपून ठेवण्याचे काम हाती घ्यावे, आणि त्यासाठी विद्यापीठाकडे पैशाची मागणी करावी. आणि आपल्या अभ्यासवर्गांतून निदान काही कार्यकर्त्यांना तरी बेक्वेरेल म्हणजे काय, अर्धायुष्य म्हणजे काय, हे नीट शिकवावे.

सुगिनामीतील त्या गृहिणी शास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु आपल्याच वॉर्डात कोणीतरी पाऊस मोजत होते, तो आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि तो त्यांना वाचता येत होता. आपल्या गावात या तिन्ही गोष्टी घडवून आणणे अशक्य नाही. येत्या पावसाळ्यात निदान एका गावाने असा ठराव करावा आणि त्याला काय उत्तर आले ते पुढच्या अभ्यासवर्गात येऊन सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.